क्रोटन म्हणजे ‘लावा आणि विसरा’ नव्हे

समुद्राकाठच्या बागेला क्रोटनचं कुंपण सुचवणारा एक मजकूर बागप्रेमींमध्ये सारखा फिरतोय. त्याचा गोषवारा असा: लावा आणि विसरा, खारा वारा याला बाधत नाही, सावलीतही रंग टिकतो, फिका पडला तर एप्सम सॉल्ट घाला, कुंपण दाट हवं तर मोठ्या कात्रीने सरसकट छाटा, पानं गळली तर झाड गेलं, उपटून टाका. क्रोटन माझं अतिशय आवडतं झुडूप आहे, आणि या सल्ल्यापायी चांगली झाडं हकनाक जाताना पाहिली आहेत. म्हणून हे लिहितोय.

खाऱ्या वाऱ्याचं आधी. क्रोटन मूळचं इंडोनेशिया, मलेशियापासून प्रशांत महासागरातल्या बेटांपर्यंतचं, तेव्हा दमट हवा त्याला मानवते हे खरं. पण मीठ ते मध्यमच सोसतं. वाऱ्याबरोबर आलेले खारे तुषार पानावर बसतात, पाणी उडून जातं, मीठ राहतं आणि पान टोकाकडून, कडेकडून करपायला लागतं. झुडपाची समुद्राकडची बाजू तपकिरी आणि मागची टवटवीत दिसली, तर हेच झालंय असं समजा. म्हणून क्रोटन पहिल्या रांगेत लावू नये. पुढे कण्हेरीसारखं मीठ पचवणारं झुडूप, त्याच्या आडोशाला क्रोटन. वादळी वारा येऊन गेला की गोड्या पाण्याने पानं धुवून काढावीत. रेताड जमिनीत पाणी थांबत नाही, त्यामुळे नव्या रोपांना शेणखत आणि बुंध्याशी पालापाचोळ्याचं आच्छादन हवंच. मुळं खोल गेल्यावर पाणी कमी केलं तरी चालतं. पहिल्या वर्षी मात्र नाही.

सावलीतला रंग ही तर निव्वळ चुकीची समजूत. पानातला लाल रंग अँथोसायनिन या रंगद्रव्याचा, आणि ते तयार व्हायला भरपूर उजेड लागतो. एकाच झुडपात हे बघता येतं: बाहेरची पानं लालभडक, आत दडलेली हिरवटच. शिवाय बऱ्याच जातींत कोवळं पान हिरवं-पिवळंच येतं आणि जून होताना लाल, केशरी होत जातं. म्हणजे शेंडा हिरवा दिसला म्हणून घाबरून खत ओतायचं कारण नाही. उलट नत्र जास्त झालं तर हिरवी, लुसलुशीत वाढ फोफावते.

एप्सम सॉल्ट म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट. मॅग्नेशियम असतं हरितद्रव्याच्या रेणूच्या मधोमध. जमिनीत त्याची कमतरता असेल तर एप्सम सॉल्टने पान हिरवं होईल, लाल नाही!

छाटणीबद्दल मी जरा हट्टी आहे. मोठ्या कात्रीने सरसकट फिरवलं की रुंद पानं अर्ध्यात कापली जातात, कापलेल्या कडा वाळून तपकिरी होतात आणि कुंपण कितीतरी दिवस फाटक्या कापडासारखं दिसतं. सिकेटरने, म्हणजे एका हाताने चालवायच्या छोट्या छाटणी-कात्रीने, एकेक फांदी, पानाच्या देठाच्या जरा वर कापावी. खालच्या डोळ्यांतून दोन-तीन फुटवे निघतात आणि कुंपण दाट होतं. कापल्या जागी लगेच दुधाळ चीक येतो. तो कपड्यावर डाग पाडतो आणि कित्येकांच्या अंगाला खाज सुटते, तेव्हा हातमोजे घाला. लहान मुलं आणि जनावरं पानं चघळणार नाहीत एवढं बघा.

राहिली पानगळ. जागा बदलली, गारठा पडला, पाण्याचा ताण बसला की क्रोटन पानं टाकतं, कधीकधी सगळीच. उपटण्याआधी फांदीची साल नखाने किंचित खरवडा. आत ओलसर हिरवं दिसलं तर फांदी जिवंत आहे. पाणी बेताने द्या, खत अजिबात नको, आणि झाड पुन्हा हलवू नका. काही आठवड्यांत गळलेल्या देठांच्या खुणांपाशी बारीक कोंब दिसू लागतात.