मेनेंडेझ भाऊ निर्दोष सुटले? नाही!

ग्रुपवर फिरतंय की आईवडिलांना मारणाऱ्या अमेरिकेतल्या मेनेंडेझ भावांवर अत्याचार झालेले सिद्ध झाले म्हणून कोर्टाने त्यांना निर्दोष सोडलं. चुकीचं आहे. १९८९ला बेव्हर्ली हिल्समध्ये आईवडिलांना मारलं तेव्हा लायल २१चा आणि एरिक १८चा होता, पहिल्या खटल्यात ज्युरींचं एकमत झालं नाही पण १९९६ला दोघं दोषी ठरले, जन्मठेप झाली. मे २०२५मध्ये शिक्षा कमी झाली म्हणून पॅरोलसाठी (म्हणजे शिक्षा संपायच्या आधी अटींवर सुटका) पात्र ठरले फक्त, आणि ऑगस्टमध्ये तोही नाकारला.

आणि "अशी मुलं जन्मतःच राक्षस" हे तर प्लीज लिहू नका. कॅथलीन हाइड या अभ्यासकांनी आईवडिलांना मारणाऱ्या मुलांचे तीन प्रकार सांगितलेत, वर्षानुवर्षं छळ सोसलेली, गंभीर मानसिक आजार असलेली आणि समाजविघातक वृत्तीची. छळ सोसलेल्या मुलाला सुटकेचा दुसरा रस्ताच दिसत नाही, बऱ्याचदा त्याने आधी कुणाकडे तरी मदत मागितलेली असते हो!