पिपेट ठेवा, फाइल उचला

सहा वर्षं बेळगावजवळच्या खानापूर भागातल्या विहिरींचं नायट्रेट मोजलंत, पीएचडी पदरात पडली, आता धोरणाच्या कामात उतरायचंय? उतरा की. सरकार तुमचीच वाट बघत बसलंय.

डिसेंबरात बेळगावला कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन भरलं की २८० पानी प्रबंध काखेत मारून ते जिथं भरतं ते सुवर्णसौध गाठा. आमदार जिन्यात दोन मिनिटं थांबले तर नमुने कुठल्या बाटलीत भरले इथपासून सुरुवात करा. निष्कर्ष सातव्या प्रकरणात आहे, तो आधीच फोडला तर मजा काय राहिली? ‘एका पानाचं टिपण द्या’ म्हणणाऱ्याचं अजिबात ऐकू नका. त्या पानावर काय करायचं, कुठल्या खात्याने, किती पैशात आणि नाही केलं तर कुणाचं काय बिघडेल, एवढंच मावतं. तुमचा आलेख कुठे बसवणार? प्रश्नांच्या नोटिसा अधिवेशनाच्या कितीतरी आधी जातात, असंही कुणी सांगेल. त्याला जाऊ द्या.

आकड्यांत ढिलाई नको. लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या वर नायट्रेट म्हणजे पाणी पिण्याजोगं नाही, या तीन विहिरी बंद करा आणि तिथं दुसरी सोय करा, असं एका दमात सांगून टाकणं शास्त्रज्ञाला शोभत नाही. ‘नमुन्याच्या आकारावर अवलंबून आहे’ म्हणा. शेवटी ‘अधिक संशोधनाची गरज आहे’ हे वाक्य न विसरता टाका. खात्याला ते फार आवडतं, पुढली दोन वर्षं काही न करायला लेखी आधार मिळतो. बोलताना एकक घनमीटरच ठेवा. म्हादई नदीचं पाणी वाटणाऱ्या लवादाने २०१८ मध्ये कर्नाटकाच्या कळसा आणि भंडुरा प्रकल्पांना मिळून दिलेलं ३.९ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी इथं चहाच्या टपरीवरही पाठ असतं, पण १ टीएमसी म्हणजे साधारण २.८३ कोटी घनमीटर हा हिशेब लोकांनी घरी जाऊन करावा.

भाषेचं तर सोपंच आहे. प्रबंध इंग्रजीत, फाइल कन्नडात, आणि जिच्या विहिरीचं पाणी नेलंत ती मावशी मराठीत विचारणार, ‘काय निघालं ओ पाण्यात?’ तिन्हीकडे ये-जा करणारा माणूस इथं सोन्याच्या मोलाचा, म्हणून तेवढं तुम्ही होऊ नका. कन्नडात टिपण लिहिलंत तर गल्लीत काय तोंड दाखवाल? मराठीतच पाठवा आणि उत्तर आलं नाही की सीमाप्रश्नावर खापर फोडा. सीमावादावरच्या महाजन आयोगाच्या १९६७ च्या अहवालात नायट्रेट नाही खरं, पण नीट शोधा.

पर्यावरण मंजुरीच्या जनसुनावणीची नोटीस किमान ३० दिवस आधी वर्तमानपत्रात येते. तुम्ही जर्नलं वाचणारी माणसं, ती दिसायची नाही. हरकत नाही, सुनावणीला गणपूर्ती लागत नसते, तुमच्यावाचून छान पार पडते.

फेलोशिप? खासदारांसोबत काम देणारी लॅम्प फेलोशिप २५ वर्षांपर्यंतच्यांना असते. पीएचडी संपवून अर्ज करा.

आणि कचेरीत गेलात तर थेट मोठ्या साहेबांच्या दारात. कोपऱ्यातल्या केस वर्करकडे बघूही नका, फाइलवरची पहिली टिप्पणी तोच लिहितो म्हणून काय झालं? तुमचं पत्र फिरून त्याच्याच टेबलावर आलं की तो मान वर न करता विचारेल, ‘खर्च बजेटच्या कुठल्या हेडखाली घालू, सर?’ त्याला संदर्भसूची दाखवा.