डोकं काढायला जागा ठेवा

‘अंगावर घालता येईल असं शिल्प करा,’ मॅडम म्हणाल्या आणि लगेच एकेक अट घालायला लागल्या. कपडा वाटला तर गुण कापणार. दागिना वाटला तरी कापणार. नुसता मुखवटा लावून पळवाट काढलेली चालणार नाही. ज्यानं केलं त्यानंच ते घालून वर्गाच्या दारातून आत यायचं, चालून दाखवायचं, खुर्चीवर बसायचं आणि उठायचं.

मग स्फूर्तीसाठी थोरामोठ्यांची कामं दाखवली. ऑस्कर श्लेमरनं १९२२ साली ‘ट्रायाडिक बॅले’मध्ये नर्तकांना गोळे, शंकू आणि चकत्यांमध्ये असं बसवलं की कसं हलायचं हे नर्तकाऐवजी पोशाखच ठरवायचा. जपानच्या आत्सुको तानाकानं १९५६ मध्ये रंगवलेल्या विजेच्या दिव्यांचा लुकलुकता पोशाख केला आणि वायरींसकट स्वतःच्या अंगावर चढवला. निक केव्हनं १९९२ मध्ये काटक्या गोळा करून पायघोळ वेश केला. तो घालून हललं की आवाज व्हायचा, म्हणून त्याचं नाव ‘साउंडसूट’. वर्ग भारावला. मला मात्र एकच शंका होती. यांच्यापैकी कुणाच्या नाकाला खाज सुटली तेव्हा काय केलं? कलेच्या इतिहासात यावर एक ओळ नाही.

माझ्या डोक्यात लाट होती. उजव्या खांद्यावरून उसळून डोक्यावर कलणारी, पुठ्ठ्याच्या पट्ट्यांची. स्केचमध्ये ती झकास दिसली, कारण स्केचमधल्या बाईला मान नव्हती. मग चित्रकलेच्या लाकडी बाहुल्यावर छोटा नमुना केला. तोही झकास. बाहुला श्वास घेत नाही, घामेजत नाही, आणि ‘किती वेळ लागेल अजून?’ असं विचारत नाही.

नमुना सहापट मोठा करायचा होता. अशा उद्योगांबद्दल गॅलिलिओनं १६३८ सालीच छापील ताकीद देऊन ठेवली आहे: आकार वाढतो त्याच्या कितीतरी पट वजन वाढतं. लांबी, रुंदी, जाडी तिन्ही सहापट केली तर वजन २१६ पट. जाडी तेवढीच ठेवली तर वजन जरा आटोक्यात राहतं, पण लाट मान टाकते. तिनं मान टाकू नये म्हणून मी आत तारेचा सांगाडा घातला. त्यानंतर मान टाकायची पाळी माझी होती.

पुठ्ठाही स्वभावानं हट्टी. खोक्याच्या पुठ्ठ्याच्या पोटात नागमोडी कागद असतो, त्यामुळे आत बारीक नळ्या तयार होतात. नळ्यांना समांतर वळवा, मुकाट वळतो. आडवा वळवायला जा, कडाड मोडतो. लाटेला दोन्हीकडून वळण हवं, पुठ्ठा एकाच बाजूनं राजी. शेवटी अरुंद पट्ट्या कापून एकीवर एक चढवत गेले. मधल्या काळात ग्लू गननं घरभर कोळिष्टकं विणली. मोठ्या गनमधला गोंद १९० अंशांच्या आसपास असतो, ही माहिती बोटाला कायमची पाठ झाली.

माप घेणं हा सगळ्यात अपमानकारक भाग. जुना टीशर्ट घालून वरून चिकटपट्टी घट्ट गुंडाळायची, पाठीवर उभा छेद देऊन टरफल काढायचं, त्यात कागदाचे बोळे भरायचे, की झाला आपल्याच मापाचा पुतळा. गुंडाळायला धाकटा भाऊ आनंदानं तयार झाला, संशय यावा इतक्या आनंदानं. कापायला आई आली.

‘श्वास सोड,’ आई म्हणाली.

‘सोडलाय.’

‘मग हे सगळं तुझंच आहे?’

तयार पुतळा भिंतीशी उभा केला. तो बाजूनं बघितल्यावर मी तीन जिने रोज चढायचं ठरवलं. नंतर लाटेचं वजन पाहून तो विचार सोडून दिला; व्यायाम आपोआप होणार होता.

कारण सगळा भार उजव्या खांद्यावर. तोल सावरायला डाव्या बाजूला पाठीशी वजन बांधलं, म्हणजे तोल आला आणि ओझं वाढलं. मॅडमनी खांद्यावरचा भार कमरेच्या रुंद पट्ट्यावर उतरवायला सांगितला. हाडं तिथं जास्त सोशीक असतात म्हणे. खरंच फरक पडला. दुखणं खांद्यावरून कमरेत आलं.

सादरीकरणाच्या दिवशी दारातून आडवी आत शिरले, खुर्चीवर टेकले, आणि उठताना दोघांनी काखेत हात घातले तेव्हा टाळ्या पडल्या. त्यांना तो सादरीकरणाचा भाग वाटला. मग चर्चा. ‘यात मला एकटेपणा दिसतो,’ एक जण लाटेकडे बघत म्हणाला. मी आत होते, पण माझ्याकडे कुणी बघत नव्हतं. ‘मागची बाजू दाखवा,’ असं कुणीतरी म्हणालं आणि दुसऱ्यानं मला कमरेला धरून फिरवलं. शिल्पाला चौथरा लागतो, आणि चौथऱ्याशी कुणी बोलत नाही. नाक खाजत होतं. हात लाटेच्या आत, नाक लाटेच्या बाहेर.

मॅडमनी बराच वेळ निरखलं, एक फेरी मारली, वाकून माझे थरथरते गुडघे बघितले आणि वहीत लिहिलं. नंतर शेरा वाचायला मिळाला: ‘रचना प्रवाही. साहित्याची जाण चांगली. तळ कमकुवत, बदलावा.’