शिवाजी पेठेतले वाळवंट

मुलीच्या हट्टापुढे नमते घेऊन मी मे महिन्यात जर्बिलांची, म्हणजे उंदरासारख्या छोट्या पाळीव प्राण्यांची, जोडी घरी आणली, तेव्हा हे प्राणी मूळचे मंगोलिया आणि उत्तर चीनमधल्या कोरड्या माळरानातले आहेत, असे दुकानदाराने सांगितले होते. खरेदी ठरल्यावर जे सांगतात ते ऐकावे तसेच मी ते ऐकले. आर्मां दाविद नावाच्या फ्रेंच पाद्र्याने १८६६ साली या प्राण्याचे नमुने पॅरिसच्या संग्रहालयात धाडले होते; त्याने पॅरिस का निवडले आणि कोल्हापूर का निवडले नाही, हे मला मृग लागल्यावर उमगले. मुलीने एकाचे नाव पैलवान ठेवले आणि दुसऱ्याचे, त्याच्या मुलखावरून, गोबी. आईने त्याचा पहिल्याच दिवशी कोबी केला.

पावसाळ्यात सारे कोल्हापूर राजाराम बंधाऱ्याच्या पातळीकडे डोळे लावून बसते: ३९ फुटांवर इशारा, ४३ फुटांवर धोका. यंदा आमच्या घरात आणखी एक पातळी मोजली जाऊ लागली. हवेतील आर्द्रता पन्नास टक्क्यांच्या वर राहिली की जर्बिलांची लव तेल लावल्यासारखी चिकट होऊन उभी राहते, असे मुलीने वाचले होते आणि त्यासाठी माझ्याकडून एक मापकही घेववला होता. जुलैभर तो पंच्याऐंशीच्या खाली उतरला नाही. म्हणजे जर्बिलांच्या हिशेबाने आमच्या घरात केव्हाच पूर आला होता. बायकोने चौदा वर्षे मागितलेला एसी मग चार दिवसांत आला. तो जर्बिलांच्या खोलीत बसला आणि आईनेही आपले अंथरूण तिकडेच हलवले.

लव कोरडी राहावी म्हणून हे प्राणी वाळूत लोळतात. ती वाळूही आमच्याकडे दमट होत असल्याने मी दर रविवारी ती कढईत भाजू लागलो. एकदा मी उलथन्याने वाळू हलवीत असताना शेजारचे वस्ताद आत आले आणि भडंग होत आहे अशा समजुतीने पाट ओढून बसले. खरा प्रकार कळल्यावर ते आलेल्या पावली परतले आणि संध्याकाळी तालमीतली अर्धी बादली माती घेऊन हजर झाले. त्या मातीत हळद, ताक, लिंबू आणि तेल मुरलेले. तेल घालवण्यासाठी लोळणाऱ्या प्राण्याला तेलाची माती कशी द्यायची? पण आखाड्याच्या मातीला नको म्हणण्याची छाती शिवाजी पेठेत कोणाची आहे! ती बादली अजून जिन्याखाली आहे.

जर्बिलांचे दात आयुष्यभर वाढतात, त्यामुळे त्यांना सतत काहीतरी कुरतडावे लागते. पुठ्ठ्याच्या नळ्या त्यांना पुरत होत्या, तोवर ठीक होते. एका रात्री झाकण उघडे राहिले आणि पहाटे माझ्या नव्या कोल्हापुरी चपलेचा अंगठा नाहीसा झालेला आढळला. बाभळीची साल आणि हिरडा यांत कमावलेले कातडे, त्याला चव असणारच. पैलवान कपाटाखाली बसून मागच्या पायांनी फरशीवर धप्‌धप् आपटत होता. धोका दिसला की हे प्राणी अशी दवंडी देतात. या प्रसंगी धोका म्हणजे मी होतो.

आवाज ऐकून वस्ताद आले, पालथे पडले आणि शेपटीला हात घालणार तोच मुलगी किंचाळली. जर्बिलाला शेपटीने धरले तर शेपटीची कातडी सोलून हातात येते आणि पुन्हा कधीच येत नाही. वस्तादांनी हात झटकन मागे घेतला. शेवटी मुलीने पुठ्ठ्याची नळी कपाटापाशी ठेवली, आम्ही तिघे श्वास रोखून बसलो, आणि थोड्या वेळाने पैलवान स्वतःच तिच्यात शिरला.

पेटीत सोडताच तो आणि गोबी मागच्या पायांवर उभे राहिले आणि पुढच्या पंजांनी एकमेकांना रेटू लागले. वस्ताद काचेला नाक लावून बराच वेळ पाहत होते.

"डावीकडचा गडी चांगला हाय," ते म्हणाले, "पण माती बरी न्हाई ह्यांची."