‘भीती घालवा, वाघ काही करत नाही’: फिरत्या शिकारी मंत्रांचा समाचार

मार्च लागला की आमच्याकडे विदर्भात मोहफुलांबरोबर दरवर्षी एक मेसेजही टपकायला लागतो. गावाच्या ग्रुपवर, नातेवाइकांच्या ग्रुपवर, ट्रेकवाल्यांच्या ग्रुपवर. मथळा थोडाफार बदलतो, मजकूर तोच: ‘जुन्या शिकाऱ्यांचे मंत्र: जंगलात हिंस्र प्राण्यांची भीती कशी घालवावी’. वाघाला भीतीचा वास येतो, तेव्हा आधी मनातली भीती काढा. खरा शिकारी कधी घाबरत नाही. वाघ समोर आला तर डोळ्याला डोळा भिडवा आणि ओरडत पुढे व्हा. अस्वल आलं तर झाडावर चढा, नाहीतर मेल्याचं सोंग घ्या. डोक्यामागे मुखवटा बांधा. जवळ भरमार (ठासणीची बंदूक) ठेवा, जीव वाचवण्यासाठी मारलं तर कायदा काही करत नाही. शेवटी आपले पूर्वज कसे वाघाशी झुंजायचे, आणि फॉरवर्ड करा, एखाद्याचा जीव वाचेल.

जीव वाचण्यापेक्षा जायचीच शक्यता जास्त, म्हणून एकेक घेतो.

भीतीच्या वासापासून सुरुवात करू, कारण सगळ्या मेसेजचा पाया तोच आहे. वाघ शिकार करतो ती मुख्यतः कानाने आणि डोळ्याने. नाक त्याला लागतं ते जास्त करून दुसऱ्या वाघाने झाडाच्या बुंध्यावर मारलेल्या फवाऱ्यावरून कोण आलं, कोण गेलं हे समजून घ्यायला. गवतात दबा धरून बसलेला वाघ बघतो ते समोरच्याचं तोंड कुठे आहे, लक्ष कुठे आहे, उभा आहे की खाली वाकलेला, एकटा आहे की बरोबर कुणी आहे. तुमच्या छातीत धडधडतंय की नाही याच्याशी त्याला देणंघेणं नाही. मे २०२५ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बाया एकाच दिवशी वाघाने मारल्या. रानात पत्ता तोडायला जाणाऱ्या बाईला हिंमत कमी पडली म्हणून वाघ आला, असं ज्याला वाटतं त्याने एकदा त्या भागात जाऊन हे तोंडावर बोलून दाखवावं.

‘खरा शिकारी घाबरत नाही’ हे वाक्य बहुधा जिम कॉर्बेटच्या फोटोखाली चिकटवलेलं असतं. याच्याइतकं उलटं उदाहरण शोधून सापडणार नाही. १९०७ मध्ये कुमाऊँत (आजच्या उत्तराखंडात) चंपावतच्या वाघिणीमागे तो गेला तेव्हा तिच्या नावावर नेपाळ आणि कुमाऊँ मिळून ४३६ माणसं होती, आणि कॉर्बेटची नरभक्षकाची ती पहिलीच मोहीम. पहिल्या रात्री तो गावाबाहेर रस्त्याकडेला झाडाला पाठ लावून बसला. वाऱ्याने फांद्या हलल्या, चांदण्यात सावल्या हलल्या, आणि त्याला चारी बाजूंनी वाघ चालून येताना दिसायला लागले. दात वाजत होते, थंडीने आणि तितकेच भीतीने, हे त्याने स्वतः लिहून ठेवलंय. परत गावात जाऊन ‘मला भीती वाटते’ म्हणायची लाज वाटली, म्हणून रात्रभर तसाच बसला. आता हाच माणूस पुढे कशावर जगला ते बघा. नरभक्षक वाघ माणसाला वाऱ्याच्या खालच्या अंगाने, म्हणजे आपला वास त्याच्याकडे जाणार नाही अशा बाजूने, गाठायला बघतो, हे त्याच्या ध्यानात आलं. इतर जनावरांसारखं माणसालाही तीक्ष्ण नाक असेल, असं वाघ धरून चालतो. मग वारा कुठून येतो ते पाहून धोका कुठल्या बाजूला आहे याचा अंदाज तो बांधायचा, आणि तिकडे नजर ठेवायचा. भीती गेलेल्या माणसाला वाऱ्याची दिशा बघायचं सुचत नाही.

तसंही राजेरजवाड्यांच्या काळातली बहुतेक शिकार म्हणजे मचाणावर बसलेले साहेब, खाली आमिष म्हणून बांधलेलं बोदं (रेडकू), आणि हाका घालत जंगल झोडपणारी शंभर माणसं. निर्भयपणाचे फोटो मचाणावरच्याचे आहेत. हाका घालणाऱ्याच्या हातात काठी नाहीतर डबा असायचा. त्याला भीती वाटायची की नाही हे कुणी विचारलं नाही, आणि त्याचा फोटोही कुणी काढला नाही.

मला खरी अडचण वाटते ती पुढची. शिकाऱ्याचं कसब आणि रानात जाणाऱ्या साध्या माणसाची सुरक्षितता या दोन गोष्टी एकमेकींच्या विरुद्ध आहेत. शिकारी पाय न वाजवता चालतो, वारा सांभाळतो, बोलत नाही, झुंजुमुंजू आणि दिवेलागणीची वेळ निवडतो. म्हणजे जनावराला आपला पत्ता लागू नये यासाठी जे जे करायचं ते करतो. हातात बंदूक नसताना हेच केलं तर वाघाला तुम्ही माणूस आहात हे कळायचे सगळे मार्ग तुम्ही स्वतःच बंद केले. अमेरिकेत यलोस्टोनच्या आसपास एल्क या मोठ्या हरणाची शिकार करणारे लोक याच कारणाने ग्रिझली अस्वलांच्या तोंडी सापडतात. गुपचूप चालायचं, वर एल्कचा आवाज काढायचा, आणि मारलेल्या जनावराची आतडी काढत ओणवं बसायचं. तिथल्या यंत्रणा त्यांना मन खंबीर करा असं सांगत नाहीत, पट्ट्याला मिरचीच्या अर्काचा फवारा अडकवा म्हणून सांगतात. अलास्कात १९८५ ते २००६ मधल्या घटना तपासल्या तेव्हा असा फवारा जवळ असलेल्यांपैकी ९८ टक्के लोक जखम न होता सुटले होते. बंदूकवाल्यांच्या घटनाही त्याच अभ्यासकांनी नंतर तपासल्या. बंदूक चालवलेल्या आणि जवळ असून न चालवलेल्या लोकांच्या जखमांत त्यांना म्हणण्यासारखा फरक दिसला नाही.

आमच्याकडे मोह वेचणं कसं चालतं ते ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. फुलं पहाटे गळतात. गुरांनी आणि चितळांनी खाण्याआधी ती गोळा करायची, म्हणून अंधार असतानाच टोपली घेऊन निघायचं. झाडाखालचा पाला आधी झाडून किंवा जाळून साफ केलेला असतो (या जाळण्यातून किती वणवे लागतात तो वेगळा विषय). मग उकिडवं बसून, एका हाताने सरकत, दुसऱ्या हाताने वेचत पुढे जायचं. तास-दीड तास मान खाली. कानावर पदर. बाजूच्या झाडाखाली दुसरी बाई असते, पण झाडं लांब लांब, मध्ये रायमुनियाची (घाणेरीची) झुडपं. त्याच मोहाला चितळं येतात, चितळांमागे वाघ येतो. झुडपापलीकडून पाहणाऱ्याला वीस पावलांवर दिसतं ते गुडघ्याएवढ्या उंचीचं, पाठ वळवलेलं, हळूहळू सरकणारं काहीतरी. माणूस उभा असला की त्याची आकृती जंगलातल्या दुसऱ्या कुठल्याच जनावरासारखी नसते. बसला की तो फायदा गेला. तिथे ‘मन शांत ठेवा, आवाज करू नका’ हा मंत्र पाळणं म्हणजे उरलीसुरली खूणही पुसणं.

बोलण्याचा उपयोग होतो, याला आता चांगला पुरावा आहे. दक्षिण आफ्रिकेच्या क्रूगर भागात पाणवठ्यांवर लपवलेल्या स्पीकरांतून माणसांचं साधं बोलणं आणि सिंहाचं गुरगुरणं ऐकवून कॅमेऱ्याने जनावरांची वागणूक टिपली. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेला हा अभ्यास. माणसाचा आवाज ऐकून पळण्याची शक्यता सिंहाच्या आवाजाच्या दुप्पट निघाली, आणि पळणाऱ्यांत बिबटे आणि तरसही होते. क्रूगरचा बिबट्या आणि ताडोब्याचा वाघ एक नाहीत, हे मान्य. पण बाया मोह वेचताना एकमेकींना हाका मारतात, मोबाईलवर गाणी लावतात, त्याला हसणाऱ्या शहरी ट्रेकवाल्यांनी हे ध्यानात घ्यावं.

डोळ्याला डोळा भिडवण्याचा मंत्र अर्धा बरोबर आहे, आणि अर्धा बरोबर असलेला सल्ला जास्त घातक. पाठ फिरवून पळू नका, हे शंभर टक्के खरं. पळणारं जनावर पकडणं हाच वाघाचा धंदा आहे, आणि त्या शर्यतीत तुम्ही हरणार. तोंड त्याच्याकडे ठेवायचं, सरळ उभं राहायचं, हात वर करून मोठं दिसायचं, लेकरू बरोबर असेल तर न वाकता बखोटीला धरून उचलायचं, आणि मागे मागे सरकत त्याला जायला वाट द्यायची. ‘ओरडत पुढे व्हा’ हे मात्र कुणी सांगितलं? पिलं असलेली वाघीण किंवा मारलेल्या जनावरावर बसलेला वाघ यांच्याकडे एक पाऊल पुढे टाकणं म्हणजे भांडण उकरून काढणं. आणि मुळात हल्ल्याच्या बहुतेक वेळी वाघ समोर येतच नाही. तो मागून येतो. डोळा भिडवायला डोळा दिसायला हवा ना!

मुखवट्याचं थोडक्यात. सुंदरबनात १९८६ मध्ये मध-लाकडासाठी जाणाऱ्यांना डोक्यामागे मुखवटे दिले, सुरुवातीला फार चांगला अनुभव आला, पुढे वाघांना ते समजलं असं तिथून सांगितलं जाऊ लागलं. घालायला हरकत नाही, भरवसा ठेवायला आहे.

अस्वलाच्या मंत्राला मात्र जास्त जागा द्यायला हवी, कारण विदर्भात अस्वलाने फाडलेली माणसं गावोगाव भेटतात, आणि वाघाइतकी त्यांची बातमी होत नाही. झाडावर चढा म्हणणाऱ्याने अस्वल कधी पाहिलेलं नाही. मधाच्या पोळ्यासाठी आणि मोहासाठी ते आपल्यापेक्षा सफाईने झाडावर चढतं. बिबट्याचंही तेच. मेल्याच्या सोंगाची गोष्ट आपण शाळेत वाचली, त्यात अस्वल हुंगतं आणि निघून जातं. आपलं अस्वल माणसाला खायला येत नाही, वाळवी आणि फळं हे त्याचं जेवण. त्याला ऐकू-दिसायला बेताचंच, आणि वाळवीच्या वारुळात नाक खुपसलेलं असताना तुम्ही अगदी जवळ पोहोचलात की ते दचकतं. दचकलेलं अस्वल पळण्याऐवजी अंगावर येतं आणि पंजा घालतं ते थेट तोंडावर. तेव्हा आधी आडवं पडून वाट बघायची नाही. लांब असेल तर गुपचूप मागे जायचं, आणि चालताना आवाज करत राहायचं म्हणजे अशी गाठच पडणार नाही. अंगावर आलंच तर पालथं पडायचं, तोंड जमिनीला, दोन्ही हातांची बोटं मानेमागे गुंतवून. गोष्टीतला माणूस उताणा पडलेला दाखवतात. तसं पडलात तर डोळे जातील.

आता भरमार आणि कायदा. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या कलम ११(२) मध्ये स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या बचावासाठी प्रामाणिकपणे जनावर मारलं तर गुन्हा नाही, असं आहेच. मेसेज तिथेच थांबतो. त्याच कलमाचं पुढचं वाक्य असं सांगतं, की त्या वेळी तुम्ही स्वतः या कायद्याविरुद्ध काही करत असाल तर ही सूट तुम्हाला नाही. म्हणजे रात्री बॅटरी आणि भरमार घेऊन रानडुकरामागे गेलेल्या माणसावर वाघ आला आणि त्याने बार टाकला, तर बचाव संपला. मग तो वाघाची शिकार केल्याचा आरोपी, शिक्षा ३ ते ७ वर्षं. शिवाय ठासणीच्या बंदुकीत एकच बार असतो. चुकला तर पुढचा भरेपर्यंत जखमी वाघ थांबत नाही, आणि निसटला तर तो जखमी वाघ गावाच्या वाट्याला येतो. चंपावतच्या वाघिणीचे उजव्या बाजूचे वरचे-खालचे सुळे जुन्या गोळीने तुटलेले होते. तिला माणसामागे कोणी लावलं, ते यातून समजावं.

पूर्वज घाबरत नव्हते, हे तर वाघोबाच्या, म्हणजे वाघदेवाच्या, ठाण्यांसमोर उभं राहून म्हणून दाखवा. पालघर, ठाणे आणि मुंबई उपनगरात अभ्यासकांनी वाघोबाची दीडशेहून जास्त ठाणी नोंदवली आहेत. वारली लोक त्याला पुजतात, अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यातले महादेव कोळी वाघबारस करतात. नवस बोलतात, कोंबडं देतात, आमच्या गुरांना आणि आम्हाला सांभाळ म्हणतात. ज्याची भीती नाही त्याच्या नावाने दरवर्षी कोंबडं कोण कापतं?

मेसेजच्या खाली कुणीतरी दरवेळी लिहितंच, ‘एवढी भीती वाटते तर जाता कशाला जंगलात?’ जातात कारण मोह आणि तेंदूपत्ता हाच उन्हाळ्यातला रोकडा पैसा. शेतात काम नसतं, आणि पत्त्याचा हंगाम जेमतेम दोन-तीन आठवड्यांचा. फळीवर (पत्ता जमा करायच्या ठिकाणी) पुडे मोजून द्यायचे असतात, उशिरा गेलं की जवळचा पत्ता दुसऱ्याने तोडलेला असतो, मग आणखी आत जावं लागतं. म्हणून मंत्र पाठवायचेच असतील तर ते ठेकेदाराला आणि वन विभागाला पाठवा. उजाडल्याशिवाय फळी उघडायची नाही, म्हणजे अंधारात निघायची घाई कुणालाच राहणार नाही. आदल्या संध्याकाळी जंगलाच्या कुठल्या कक्षात वाघाचे पगमार्क दिसले ते गावात दवंडी देऊन सांगायचं, आणि तो भाग दोन-चार दिवस बंद ठेवून पत्ता दुसरीकडचा घ्यायचा. प्रत्येक टोळीत एक माणूस नुसता उभा राहून पहारा करणारा हवा, आणि त्याची रोजी पत्त्याच्या हिशेबातूनच निघायला हवी. वानर खेकसलं, चितळाने धोक्याचा कॉल दिला की त्याने शिट्टी मारायची आणि सगळ्यांनी उठून उभं राहायचं. आणि १९२६ हा वन विभागाचा टोल-फ्री नंबर फळीच्या पाटीवर ठेकेदाराच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरात लिहायचा.