‘प्रिंटर असून फसलात?’ होय, फसलो

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया पहिल्यांदा वाचली तेव्हा प्रेसमध्ये मशीन चालू होतं आणि माझं डोकंही तापलेलं होतं, म्हणून उत्तर द्यायचं टाळलं. काल रात्री परत वाचली. निम्मं तुमचं बरोबर आहे. उरलेल्या निम्म्यासाठी हे लांबलचक उत्तर.

ज्यांनी मागचा लेख वाचला नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. धाकट्याच्या वाढदिवसाला मी ऑनलाइन पोकेमॉन कार्डांचा (त्या जपानी कार्टूनमधल्या प्राण्यांची चित्रं असलेली, पोरं जमवतात ती पत्ते) सीलबंद बॉक्स मागवला. 36 पाकिटं, 1,850 रुपये. सगळा माल बनावट निघाला. त्यावर तुम्ही लिहिलंत: “पन्नास रुपयाला पाकीट बघून तोंडाला पाणी सुटलं, हे आधी कबूल करा. स्वतः प्रिंटर असून ओळखता आलं नाही, मग बोंब कसली? मोबाईलचा टॉर्च लावला की दोन सेकंदात कळतं. आणि अस्सल असो नाहीतर नकली, शेवटी पुठ्ठ्याचाच तुकडा. पोरगं खेळलं ना? मग परदेशी कंपनीची वकिली कशाला? ग्राहक न्यायालयात जायचं सोडून लेख लिहीत बसलात.”

तोंडाला पाणी सुटलं, कबूल. अस्सल पाकीट त्याच्या कित्येक पट महाग असतं, हे मला माहीत होतं. कोल्हापुरातल्या गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात, कुणी निम्म्या भावात सोन्याचा साज द्यायला लागला तर आपण पायरीही न चढता माघारी फिरू. पण मोबाईलवर ‘आज शेवटचा दिवस’ असं लाल अक्षरात दिसलं आणि माझी अक्कल गहाण पडली. बायकोनं विचारलं होतं, “इतकं स्वस्त कसं?” मी म्हणालो, “लॉट असेल कुठलातरी.” हे वाक्य मागच्या लेखात मी सोयीस्करपणे गाळलं होतं.

आता प्रिंटर असण्याबद्दल. बावीस वर्षं ऑफसेटवर लग्नपत्रिका आणि हँडबिलं छापतोय, हे खरं. पण ऑनलाइन विकत घेताना मी छपाई बघतच नव्हतो, छपाईचा फोटो बघत होतो. आणि तो फोटो अस्सल बॉक्सचाच होता, त्याचा माझ्या घरी आलेल्या मालाशी काही संबंध नव्हता. दुकानात माल हातात घेऊन, दुमडून, वास घेऊन बघणाऱ्या माणसाचे इथे हातच बांधलेले असतात.

हातात आल्यावर मात्र ओळखायला वेळ लागला नाही. खरं तर पहिला संशय पोरालाच आला. “बाबा, प्रत्येक पाकिटात तीन-चार दुर्मिळ कार्डं कशी?” एकाच बॉक्समध्ये तोच चॅरिझार्ड, म्हणजे पोरांचा लाडका आगओक्या पोकेमॉन, सात वेळा निघाला. मी एक कार्ड प्रेसवर नेलं, शेजारी त्याच्याकडचं एक जुनं अस्सल कार्ड ठेवलं आणि भिंग लावलं. चार रंगांत छापलेलं चित्र म्हणजे बारीक ठिपक्यांची रांगोळी असते, ती दोन्हीकडे होती. फरक अक्षरांत होता. अस्सल कार्डावरचं बारीक अक्षर काळ्या शाईच्या प्लेटवरून सलग उतरलेलं, कडा ब्लेडनं कापल्यासारख्या. माझ्या कार्डावरचं अक्षरच ठिपक्यांचं बनलेलं, आणि कडेला निळा-गुलाबी रंग सुटलेला. मशीनवरच्या आमच्या माणसानं भिंगातून बघितलं आणि म्हणाला, “हे छापलेलं न्हवं. छापलेल्याचं छापलंय.”

बनावट मालाची याहून चांगली व्याख्या मला अजून सापडलेली नाही. मूळ फाइल नसते, म्हणून तयार कार्ड स्कॅन करायचं. स्कॅनरला चित्र आणि अक्षर यातला भेद कळत नाही, त्याच्या लेखी सगळंच चित्र. त्यामुळे प्लेट काढताना अक्षरांवरही ठिपक्यांची जाळी पडते. पाठीमागचा निळा रंग जांभळट होतो, कारण एकदा छापलेला रंग परत चार रंगांत फोडायचा म्हणजे कुठेतरी तोल जाणारच. नव्या दुर्मिळ कार्डांवर बोटाच्या ठशासारख्या बारीक उठावाच्या रेघा असतात, नखाला लागतात. आमच्याकडचं कार्ड काचेसारखं गुळगुळीत आणि नुसतं चकचकीत होतं.

टॉर्चचं तुम्ही म्हणता तेही बरोबर. अस्सल कार्डाच्या दोन थरांमध्ये एक गडद थर असतो, पलीकडचं दिसू नये म्हणून. साध्या आर्ट कार्डावर, म्हणजे नुसत्या जाड चकचकीत कागदावर, छापलेलं असेल तर उजेड आरपार येतो. आमचं कार्ड टॉर्चवर धरलं तर आकाशकंदिलासारखं उजळलं. पण हीच एक परीक्षा धरून बसू नका. मधे काळा थर घालून छापणं कुठल्याही बऱ्या कारखान्याला अशक्य नाही, आणि चांगली नक्कल करणारे ते करतातही. 63 बाय 88 मिलिमीटरचं माप तर कटिंग मशीनवर कुणीही साधेल. अक्षर, रंग, उजेड, उठाव सगळं मिळून बघायचं, आणि शेजारी एक नक्की अस्सल कार्ड हवंच. एकटं कार्ड हातात घेऊन छातीठोकपणे सांगणाऱ्यावर माझा विश्वास नाही, मग तो मी का असेना.

आणि फसायला भोळंच असावं लागतं असंही नाही. लोगन पॉल या अमेरिकन यूट्यूबरनं 1999 मधल्या इंग्रजी पहिल्या आवृत्तीचे म्हणून सीलबंद बॉक्स 35 लाख डॉलरना घेतले. जाणकारांनी ते तपासून दिलेले होते. जानेवारी 2022 मध्ये उघडले तेव्हा आत पोकेमॉन नव्हताच, जी. आय. जो नावाच्या दुसऱ्याच खेळण्याची कार्डं होती. सील शाबूत असेपर्यंत तो माल खरा होता, असंच म्हणायचं. दर्जा ठरवून प्लास्टिकच्या डबीत बंद करून मिळणाऱ्या कार्डांचंही तेच. डबीवरचा नंबर दर्जा ठरवणाऱ्या कंपनीच्या साइटवर टाकला की खरा निघतो, कारण नकली डबीवर कुठल्यातरी खऱ्या कार्डाचा नंबर उचलून छापलेला असतो. नंबर छापणं हे तर आमच्या धंद्यातलं सगळ्यात सोपं काम.

‘कंपनीची वकिली’ हा शब्द मात्र लागला. कंपनीच्या नफ्याचं मला काडीचं सोयरसुतक नाही. उलट एक सांगतो, माझ्या प्रेसवर दुसऱ्याची पत्रिका आणून “सेम अशीच छापून द्या” म्हणणारं गिऱ्हाईक दर आठवड्याला येतं आणि मी छापून देतो. नकलेबद्दल सोवळेपणाचा आव मला आणता येणार नाही. शाळेबाहेरच्या दुकानात दहा-वीस रुपयांना जी सोनेरी कार्डं मिळतात, त्यांच्याबद्दलही मी चकार शब्द लिहिला नव्हता. तिथे पोरालाही ठाऊक असतं की हा खेळ आहे. माझं भांडण ‘ओरिजिनल, सीलबंद’ या दोन शब्दांशी आहे. रेक्झिनची चप्पल रेक्झिनची म्हणून विका, कोण अडवतंय? पण ‘अस्सल कोल्हापुरी’ म्हणून विकलीत तर आपल्या कोल्हापुरातल्या चप्पल लाईनीत काय बोलतील, ते तुम्ही शाहूपुरीत राहता, तुम्हाला मी सांगायला नको.

ग्राहक न्यायालयाचं. न्यायालयापर्यंत जावं लागलं नाही, पण तयारी केली होती. इतरांच्या उपयोगाचं म्हणून लिहितो. 1915 हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर. ई-कॉमर्सचे 2020 चे नियम सांगतात की तक्रारीची पोच 48 तासांत आणि निकाल महिन्याच्या आत द्यायचा. विक्रेत्याचं नाव-पत्ता दाखवणं बंधनकारक आहे. माल खोटा असेल तर विक्रेत्याला तो परत घ्यायला नाही म्हणता येत नाही. 2019 च्या कायद्यानं आपण राहतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात, म्हणजे इथे कोल्हापुरातच, तक्रार करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. मी भिंगातून मोबाईलनं काढलेले फोटो पाठवले. आधी “पाकिटं फोडलेली आहेत, परतावा नाही” असं उत्तर आलं. न फोडता कसं कळणार, असं विचारल्यावर आठवडाभर शांतता. शेवटी नियमांचा हवाला दिल्यावर पैसे आले.

पण त्याच नियमांत एक गंमत आहे, आणि माझ्या मते सगळी गोम तिथेच. खोटा माल म्हणून ज्यांची विक्रीची पानं साइटवरून आधी काढून टाकली तेच विक्रेते पुन्हा तसलाच माल घेऊन आले, तर ऑनलाइन बाजार चालवणाऱ्यांनी त्यांची नोंद ठेवायची, एवढंच बंधन. त्यांना हाकलायचं बंधन नाही, ते ऐच्छिक. माझे पैसे परत आले त्याच आठवड्यात तोच बॉक्स, तेच फोटो, वेगळ्या नावानं परत दिसला. आणि माझा फोडलेला बॉक्स? परत न्यायला आलेल्या पोरानं पिशवीत डोकावून बघितलं, फोटो काढला आणि गाडीला अडकवून गेला. तो बॉक्स कुठे गेला असेल याचा विचार मी करतो कधीकधी. रद्दीत गेला असेल असं वाटत नाही.

आता ‘पोरगं खेळलं ना?’ या तुमच्या प्रश्नाकडे येतो. याचं उत्तर मागच्या लेखात नव्हतं, कारण लिहायची लाज वाटली होती.

आमच्या लहानपणी काडेपेटीचे छाप असायचे, बबलगमबरोबर मिळणारी क्रिकेटवाल्यांची कार्डं असायची. ती कुणी विकत नव्हतं, म्हणून खोटी करायच्या भानगडीतही कुणी पडलं नाही. पण अदलाबदल तेव्हाही होती आणि आजही या कार्डांचा जीव अदलाबदलीतच आहे. आमच्या अपार्टमेंटच्या जिन्यात रोज संध्याकाळी बाजार भरतो. दोन साधी देऊन एक चमकतं घ्यायचं, रडायचं, मोडायचं, परत जुळवायचं. बॉक्स उघडला त्याच संध्याकाळी, मला काही कळायच्या आत, धाकट्यानं सातातला एक चॅरिझार्ड खालच्या मजल्यावरच्या पोराला दिला आणि त्याच्याकडून एक जुनं अस्सल कार्ड घेतलं. त्या पोराला ते त्याच्या मामानं दिलेलं होतं. भिंगाखाली मी शेजारी ठेवलं होतं ना, ते ‘जुनं अस्सल कार्ड’, ते हेच. मला वाटलं आमचंच आहे.

म्हणजे 1,850 रुपयांचा तोटा माझा झालाच नाही. तो त्या खालच्या मजल्यावरच्या पोराचा झाला. अस्सल देऊन तो बसला नकली घेऊन, आणि फसवणारा होता माझा पोरगा, ज्याला आपण फसवतोय हे माहीतही नव्हतं. पुठ्ठ्याचाच तुकडा, अगदी मान्य. पण त्या जिन्यात त्या तुकड्याची एक किंमत ठरलेली होती आणि तिच्यावर दहा-बारा पोरांचा व्यवहार चालला होता. आता तिथे प्रत्येक कार्डावर टॉर्च मारला जातो. परवा एकाचं खरं कार्डसुद्धा बाकीच्यांनी ‘डुप्लिकेट’ म्हणून घेतलं नाही. तो रडत घरी गेला.

खरं कळलं त्या रात्रीच आम्ही बापलेक खाली गेलो. मामाचं कार्ड परत केलं, झालं ते सांगितलं. त्या पोराची आई म्हणाली, “अहो राहू दे की, पोरांचं काय एवढं!” अगदी तुमच्यासारखंच. पोरगा मात्र कार्ड दोन्ही हातांत धरून उभा होता, एक शब्द बोलला नाही.

आमचा चॅरिझार्ड परत मागितला. फाडून टाकणार होतो. तर तो त्याच्याकडे नव्हताच. सकाळीच त्यानं तो ट्यूशनमधल्या एका मुलाला देऊन तीन कार्डं घेतली होती. त्या मुलाच्या घरी फोन केला. तो सुट्टीला आजोळी गेलाय, गडहिंग्लजला. कार्डांची पिशवी बरोबर घेऊन.