एक इंच एक सूत

आमच्या घरातल्या बिअरच्या फ्रिजमध्ये आजवर बिअरचा एक थेंबही गेलेला नाही, हे आधीच सांगून टाकतो. सोसायटीतल्या निम्म्या लोकांचा यावर विश्वास नाही आणि उरलेल्या निम्म्यांची निराशा झालेली आहे.

फ्रिज मेव्हण्याचा. बारा वर्षं अमेरिकेत काढून तो परतला, तेव्हा कंटेनरमधून जे सामान उतरलं त्यात हा होता. कमरेएवढा, काळा, डोक्यावर स्टीलचा खांब आणि खांबाला दोन तोट्या. तिकडे याला केजरेटर म्हणतात. आत १९ लिटरची दोन उभी पिंपं, मागे कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर. वायू पिंपातल्या बिअरला वर ढकलतो, आपण दांडी पुढे ओढायची, ग्लास भरतो. मेव्हण्याला बंगळुरूला नोकरी लागली, तिथल्या फ्लॅटमध्ये याला जागा होईना, म्हणून घोडबंदर रोडवरच्या आमच्या दोन बेडरूमच्या घरात, जिथे जागाच जागा, तो "दोनच महिने" ठेवून गेला. त्याला तीन वर्षं झाली. याला वीजही अमेरिकन लागते, ११० व्होल्ट. त्यासाठी सोबत एक ट्रान्सफॉर्मर आला, तो रात्रभर भजनी मंडळातल्या पेटीवाल्यासारखा एकच सूर धरून बसतो.

घरी बिअर करून बघावी असा विचार मनात आलाच नाही असं नाही. पण १९४९ चा दारूबंदी कायदा आणि १९४९ सालचीच माझी आई, दोन्ही अजून लागू आहेत. तेव्हा एका पिंपात साधा सोडा आणि दुसऱ्यात कोकम सोडा अशी तडजोड झाली. आई वेंगुर्ल्याची. "कोकम असेल तर ठेव बापडा," एवढं म्हणून तिने फ्रिजला अभय दिलं.

नंतर वाचताना कळलं की या पिंपांचा मूळ धर्म सोड्याचाच. अमेरिकेत कोला कंपन्या आपलं पेय यातून दुकानांना पुरवत. पुढे त्यांनी खोक्यातल्या पिशव्या आणल्या, पिंपं मोडीत निघाली आणि घरगुती बिअरवाल्यांनी ती उचलली. म्हणजे मी त्यांना माहेरी आणलं म्हणायचं. आणि सोड्याचं माहेर विचाराल, तर तो जन्मला बिअरच्या पिंपावर. जोसेफ प्रीस्टली नावाचे इंग्रज धर्मोपदेशक १७६७ साली लीड्सला दारूभट्टीच्या शेजारी राहत होते. आंबणाऱ्या बिअरच्या पिंपावर पाणी धरून त्यांनी पहिला सोडा केला. भट्टीशेजारी घर मिळालं म्हणून माणूस सोसायटीकडे तक्रार करेल. हे गृहस्थ भांडं घेऊन गेले.

पहिलं वर्ष मजेत गेलं. दाब किती ठेवायचा यावर थोडी झटापट झाली. बिअरला दहाबारा पौंड पुरतात, सोड्याला तीस लागतात, आणि बिअरच्या मापाच्या आखूड नळीतून तीस पौंडांचा सोडा सोडला की ग्लासात फक्त फेस येतो. नळी लांब केली, वेटोळी करून फ्रिजमध्ये बसवली, फेस बसला. कोकमात आई चिमूटभर मीठ-जिरं घालायला लावते, त्याने फेस पुन्हा उठतो, पण त्याबद्दल आईशी बोलण्यात अर्थ नसतो.

मग दुसऱ्या उन्हाळ्यात तोट्या अडायला लागल्या.

ठाण्याचा उन्हाळा ज्यांनी घोडबंदर रोडवर मेट्रोच्या खांबांकडे बघत काढलाय, त्यांना सांगायला नको. घरी आल्या आल्या माणूस आधी बूट काढत नाही, तोटीकडे धावतो. मी धावलो, दांडी ओढली, दांडी हलेना. जोर लावला. दांडी माझ्या हातात आली, तोटी जागेवर. तोंडाशी मुंग्यांची रांग लागली होती, खांबावरून खाली, ओट्यामागून थेट खिडकीपर्यंत. दुसऱ्या तोटीतून सोडा आला खरा, पण पहिला घोट जिभेवर असा बसला की मी ग्लास दिव्यासमोर धरून बघितला.

आईने बोटावर एक थेंब घेतला. चाखला. म्हणाली, "कळकलंय."

मी आयटीतला माणूस. "कळकलंय" हे काही मला निदान वाटेना. मी रात्री दीड वाजेपर्यंत वाचत बसलो आणि जे हाती लागलं ते असं. या तोट्या पितळेच्या, वरून क्रोमचा मुलामा. वर्षानुवर्षांच्या वापराने आतला मुलामा उडतो, पितळ उघडं पडतं. त्यात आंबट पेय उभं राहिलं की आम्ल आणि तांबं यांची भेट होते आणि धातूची चव उतरते. सकाळी हे सगळं मी आईला नीट समजावून सांगितलं. तिने पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे कळकलंय. कल्हई लावून आण."

कल्हईवाला आता शोधायचा कुठे? लहानपणी नौपाड्यात आमच्या वाड्याच्या तोंडाशी तो भाता घेऊन बसायचा. नवसागराचा धूर, कापसाचा बोळा, आणि काळ्या पातेल्यात एकदम उगवणारं ते चांदणं. आता त्या जागेवर मोमोज मिळतात. आणि समजा सापडला असता, तरी बोटाएवढ्या तोटीच्या आत तो बोळा फिरवणार कसा?

तेव्हा तोट्याच बदलायच्या ठरल्या. इथे मला एक नवं जग दिसलं. जुन्या तऱ्हेच्या तोटीत आतलं झाकण मागच्या बाजूला बसतं. तोटी बंद केली तरी झाकणाच्या पुढचा भाग ओलाच राहतो आणि त्याला हवा लागत राहते. म्हणजे दार आतल्या खोलीला आणि ओसरी उघडी. ओसरीवर साखर वाळते, दांडी चिकटते, मुंग्या येतात, पावसाळ्यात बुरशीही वस्तीला येते. नव्या तऱ्हेच्या तोटीत झाकण अगदी पुढे, तोंडापाशी. ओसरीलाच दार. आत वाळायला काही उरत नाही. शिवाय अख्खी स्टीलची, ३०४ नंबरच्या. एका प्रकाराला बाजूला छोटी दांडी असते, तिने धार बारीक-मोठी करता येते. सोड्यासारख्या तापट पेयाला ती फार उपयोगी. मी बायकोला तिचं चित्र दाखवलं. तिने किंमत विचारली. मी ती डॉलरमध्ये सांगितली, कारण डॉलरमध्ये सगळंच लहान दिसतं. तिने मनातल्या मनात गुणाकार केला, आणि त्या दिवशी जेवणात फक्त पिठलं होतं. भाऊ तिचा आहे, हे तिला आठवण करून द्यायची ती वेळ नव्हती.

म्हणून म्हटलं आधी इथेच बघू. जांभळी नाक्याजवळच्या एका हार्डवेअरच्या दुकानात जुनी तोटी घेऊन गेलो. शेटजींनी ती उलटीसुलटी केली, आटे नखाने मोजले.

"कुठली आहे?"

"अमेरिकेची."

"अर्धा इंच की पाऊण?"

"एक पूर्णांक एक अष्टमांश."

"एक इंच एक सूत?" त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. "भाऊ, असं माप नळात नसतं."

आणि खरोखरच नसतं. आपल्या नळांचे आटे इंग्रजांच्या मापाचे, बीएसपी, म्हणजे ब्रिटिश स्टँडर्ड पाइप. इंग्रज गेला, आटे ठेवून गेला. अमेरिकन बिअरच्या तोटीचे मात्र इंचाला अठरा, बारीक, आणि व्यास एक इंच एक सूत. शेटजींनी कर्तव्य म्हणून पाऊण आणि एक इंची दोन्ही फिटिंग लावून बघितली. एक आत जाऊन हरवलं, दुसरं बाहेरूनच परत आलं. "नागदेवीला बघा," ते म्हणाले. मुंबईत नट-बोल्ट-पाइपांच्या बाबतीत नागदेवी म्हणजे शेवटचं कोर्ट. रविवारी दुकानं बंद, म्हणून शनिवारी रजा टाकून स्लो लोकलने मशीदला उतरलो, गल्लीत चार दुकानं हिंडलो. चौथ्या दुकानातला मुलगा तोटी बघून म्हणाला, "काका, ही बिअरची आहे ना?" आजूबाजूचे तीन हमाल वळून बघायला लागले. मी "कोकमाची" म्हणालो, तर ते जास्तच बघायला लागले.

शेवटी वागळे इस्टेटमध्ये एक लेथवाला तयार झाला. "आटे पाडून देतो, पण नमुना एकच का? शंभर घ्या, परवडेल." शंभर केजरेटर असलेलं कुटुंब माझ्या ओळखीत नव्हतं.

तेवढ्यात अमेरिकेतून भाचीचं सुट्टीला येणं ठरलं आणि प्रश्न सुटला. तिने बॅगेत दोन तोट्या आणि त्यांचा खास पाना आणला. पाना म्हणजे वाकडी पट्टी, टोकाला एक नख. तोटीच्या मागच्या कड्याला भोकं असतात, त्यात नख अडकवून फिरवायचं. आईने तो हातात घेऊन "नारळ सोलायला बरा आहे" असं प्रमाणपत्र दिलं.

आता खरं म्हणजे मी थांबायला हवं होतं. पण चार दिवसांवर चैत्रगौरीचं हळदीकुंकू होतं आणि बायकोने पन्नास बायकांना सांगून ठेवलं होतं. पन्हं नेहमीप्रमाणे पातेल्यातून, पण कोकम सोडा "आमच्या मशीनमधून." त्या "आमच्या" या शब्दाने मला उभारी आली. मी प्लंबरला बोलावलं.

प्लंबरमामा आमच्या सोसायटीत पंधरा वर्षं आहेत. त्यांनी माझा नखवाला पाना बाजूला ठेवला आणि पिशवीतून आपला हातभर पाइप पाना काढला. कडं पकडलं, डावीकडे जोर लावला. काही नाही. पुन्हा जोर लावला. कपाळाच्या शिरा दिसायला लागल्या, फ्रिज जागचा हलला, आत पिंपं एकमेकांवर आपटली, ट्रान्सफॉर्मरने सूर बदलला.

"साहेब, गंजलंय. कापायला लागेल."

मी मोबाइल काढून वाचलं. हे कडं सोडवायला उजवीकडे फिरवायचं, म्हणजे घड्याळाच्या दिशेने. मामा हसले. "साहेब, उजवीकडे कसतात. नळ खोलायला लहान पोर पण डावीकडे फिरवतं."

गंमत अशी, की आटे उलटे नाहीतच. जगातल्या सगळ्या आट्यांसारखेच सरळ आहेत. पण ते कडं तोटीचं नाही, खांबातून येणाऱ्या मागच्या नळीचं आहे. ते मागून येऊन तोटीला धरतं. मागे उभं राहून बघितलं तर सगळं नेहमीसारखंच, आपण पुढून बघतो म्हणून उलटं. हे मामांना पटवायला मी डाळीच्या बरणीचं झाकण घेतलं, ते जागेवर धरून बरणी फिरवून दाखवली, त्यात डाळ सांडली. एवढ्या वेळात मामांनी ते कडं तीन माणसांच्या ताकदीने घट्ट करून ठेवलं होतं.

"बरं, तुम्ही म्हणता तर," म्हणत त्यांनी उजवीकडे जोर लावला. कर्रर्र झालं. कडं फिरलं.

इथे माझी चूक कबूल करतो. सिलिंडरचा कॉक मी आठवणीने बंद केला होता. सिलिंडर बंद म्हणजे दाब बंद, असं मला वाटत होतं. पण पिंपात आधीच भरलेला वायू कुठे जाणार? तो तीस पौंडांचा दाब धरून शांतपणे बसलेला होता. पिंपाच्या डोक्यावरची कडी ओढून तो आधी सोडून द्यायचा असतो, किंवा निदान नळीचा जोड काढायचा असतो. मी दोन्ही केलं नव्हतं.

तोटी सुटून मामांच्या हातात आली आणि मागून कोकम. धार नव्हे, फवारा. मामांचा चेहरा, घड्याळ, कॅलेंडर आणि दिवाळीत रंगवलेली बदामी भिंत. मी नळीच्या तोंडावर अंगठा दाबला, तशी ती पंख्यासारखी पसरली आणि छतालाही पोचली. मामा डोळे मिटून "बंद करा, बंद करा" म्हणत होते. बंद कुठे करायचं हे आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं. शेवटी मुलीने फ्रिज उघडून जोड उपटला.

बायको धावत आली. शाबासकी म्हणजे तिने एक शब्दही उच्चारला नाही. भांड्यांच्या साबणाचं पाणी घेतलं आणि भिंत पुसायला लागली. गुलाबी डाग बघता बघता निळसर झाला, मग हिरवट-राखाडी.

"बाबा, इंडिकेटर!" नववीतली मुलगी आनंदाने ओरडली. "कोकमाचा रंग आम्लात लाल, अल्कलीत हिरवा. आम्हाला प्रॅक्टिकलला आहे!" ती आत पळाली, लिंबू घेऊन आली आणि भिंतीवर पिळलं. तेवढा पट्टा पुन्हा गुलाबी झाला. बायकोने तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. मी मामांना टॉवेल दिला.

नवीन तोट्या बसवायला त्यानंतर दहाच मिनिटं लागली. नखवाल्या पान्याने, डावीकडे. दांड्यांवर मेव्हण्याच्या आवडत्या बिअरचं जीभ काढलेलं अस्वल होतं, ते गौरीसमोर बरं दिसलं नसतं. सुताराने एका अस्वलातला नट काढून तो मुलीच्या जुन्या सावंतवाडीच्या लाकडी आंब्यात बसवून दिला, आणि दुसऱ्यातला लाकडी केळ्यात. आंबा ओढला की कोकम, केळं ओढलं की सोडा.

हळदीकुंकवाला आंब्याची डाळ आणि पन्हं यांच्याकडे कोणी वळून बघितलं नाही. आंबा ओढायला रांग लागली. सेक्रेटरींच्या सौभाग्यवतींनी चार ग्लास घेतले आणि पाचव्याला हळूच विचारलं, "यात खरंच काही नसतं ना हो?" स्वरात किंचित आशा होती. भिंतीवरच्या हिरव्या-गुलाबी पट्ट्यासमोर गौरीची आरास केली होती, मागून कमळाचा पडदा सोडला होता. एकीने पडद्याच्या कडेने दिसणारा रंग बघून "टेक्श्चर करून घेतलंत का?" असं विचारल्यावर बायको "हो, यांनीच केलं" म्हणाली.

नवीन तोट्यांना आता वर्ष होईल. अडत नाहीत, मुंग्या येत नाहीत. मिठाने स्टीललाही टोचे पडू शकतात, म्हणून पिंप संपलं की मी साध्या पाण्याने सगळं धुऊन काढतो. आई रोज सकाळी एक थेंब बोटावर घेते, चाखते, काही बोलत नाही.

जुन्या तोट्या तिने टाकू दिल्या नाहीत. चिंच लावून घासल्या, जिथला क्रोम उडाला होता तिथलं पितळ पिवळंधमक निघालं. परवा गच्चीत गेलो तर पापडांचं फडकं वाऱ्याने उडू नये म्हणून दोन कोपऱ्यांवर त्या ठेवल्या होत्या. उरलेल्या दोन कोपऱ्यांवर आई स्वतः बसायची-उठायची कसरत करत होती. मला बघून म्हणाली, "फडक्याला कोपरे चार असतात. मेव्हण्याला विचार, अजून दोन आहेत का."